पॅरिसचा पास घरातल्या दोघांनाच

पॅरिस म्युझियम पास म्हणजे एकाच पासवर तिथली म्युझियम आणि जुन्या वास्तू बघायची सोय. त्याच्या यादीत पन्नासच्या वर ठिकाणं आहेत. ती यादी दिसताच आमचे हे कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तिकिटांची बेरीज झाली, "बघ, केवढे वाचतात!" झालं. मी एवढंच विचारलं, पन्नास ठिकाणी जाणार कोण?

पासचं वेड मला माहेरी पाहून माहीत आहे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला की बाबांच्या अंगात यायचं. वसूल झाला पाहिजे म्हणून आम्हाला अर्ध्या रात्री झोपेतून उठवून पुढच्या गाडीत कोंबायचे. त्या वयात पाहिलेला निम्मा महाराष्ट्र मला फक्त स्टँडवरच्या चहाच्या वासाने आठवतो.

म्हणून यादी बाजूला ठेवली आणि माणसं मोजली.

मुलगा सतरा वर्षांचा. लूव्र आणि ओर्से ही म्युझियम, व्हर्सायचा राजवाडा, सगळीकडे अठराच्या आतल्यांना प्रवेश फुकट. मुलं कुठल्या देशाची, हे कोणी विचारत नाही, वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. त्याला पास काढणं म्हणजे पैसे पाण्यात.

सासूबाई अमळनेरच्या. अजिंठ्याला डोली करावी लागली तेव्हापासून त्यांनी पायऱ्यांशी वैर धरलंय. आर्क द ट्रिऑम्फ या विजयकमानीच्या गच्चीवर जायला २८४ पायऱ्या आहेत असं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "माले इतलं चालता नई येस व माय." चालायला त्रास असणाऱ्यांसाठी तिथे लिफ्ट आहे, पण मन उठलं ते उठलंच. त्यांना लूव्र एकदा दाखवायचं, बाकी नोत्र दाम आणि साक्रे कर. दोन्ही चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्या लोकांना लूव्रचं तिकीट ३२ युरो झालंय, तेवढं एक त्यांचं काढू. आयफेल टॉवर पासमध्ये नाहीच. तो सगळ्यांनाच वेगळा.

राहिलो आम्ही दोघं. आम्हाला लूव्र, ओर्से, सेंट शापेल हे जुनं चर्च, आर्क आणि व्हर्साय एवढं नक्की बघायचंय. या पाचांच्या तिकिटांची बेरीज पासच्या किमतीशेजारी ठेवायची, पन्नासांची नाही. दर बदलत असतात, त्यामुळे त्या दिवशीचेच बघा. आमच्या हिशेबात पास बसतोय, तोही लूव्रचं तिकीट वाढल्यामुळे.

खरी मेख वारांची आहे. पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा, आणि पहिल्या गेटवर दाखवला की घड्याळ सुरू. तुम्ही झोपलात तरी तास चालूच. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. ४८ तासांचा पास सोमवारी सकाळी सुरू केला की संपलंच. त्यात आम्ही जळगावच्या उन्हातून पळतोय ते एप्रिलच्या शेवटी, आणि १ मेला ही तिन्ही ठिकाणं बंद! महाराष्ट्र दिन सेन नदीच्या काठी दशम्या खात साजरा करू, पास २ तारखेला सुरू करू.

पास असला तरी लूव्रची वेळ आधी बुक करावी लागते, हे बऱ्याच जणांना गेटवर गेल्यावर कळतं. मुलाच्या फुकट तिकिटालाही वेळ घ्यावी लागते. चौघांची वेळ एकच मिळाली पाहिजे, नाहीतर सासूबाई बाहेर आणि आम्ही आत. सामान तपासणीची रांग पासवाल्यांनाही चुकत नाही. आणि एका ठिकाणी एकदाच आत जाता येतं, जेवून परत येऊ म्हटलं तर नाही.

आता वाद फक्त व्हर्सायचा उरलाय. संगीतावर कारंजी चालू असतात त्या दिवशी तिथल्या बागेचं तिकीट पासमध्ये धरत नाहीत, वेगळं घ्यावं लागतं. ह्यांना कारंजी बघायचीच आहेत. मुलगा म्हणतो, "पाणीच बघायचं तर आपलं मेहरूण तळं काय वाईट आहे, पप्पा?"