विषाणू गेला, मग सोनोग्राफी कशाला?

सांगलीहून मामाचा फोन आला तेव्हा इथे ओसाकात रात्रीचे साडेदहा वाजले होते. "अगं, गोळ्या संपल्या, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह आला. तरी डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावतात. पैसे काढतात की काय?"

माझं कामच यकृताच्या स्लाइड बघण्याचं, त्यामुळे मामाची वकिली मला जमली नाही. आपण ज्याला काळीज म्हणतो ते मुळात हेच. खाटकाकडची कलेजी आठवा. जपानीतही एखाद्या गोष्टीचा गाभा म्हणजे 'कानजिन', शब्दशः यकृत आणि मूत्रपिंड.

हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, हे इथलं जुनं दुखणं. युद्धानंतर सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि विषाणू ओळखू आला थेट १९८९ मध्ये. तोवर रक्तातून तो किती घरांत गेला असेल! म्हणूनच बहुधा इथले लोक यकृतावर इतकं बारीक लक्ष ठेवतात.

बायॉप्सीत, म्हणजे तपासणीसाठी सुईने काढलेला यकृताचा तुकडा, शेवईएवढा. त्यावर अ‍ॅझान स्टेन (एक रंग) चढवला की व्रणाचे धागे निळे दिसतात. निरोगी यकृतात ते तुरळक. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी भरून जातं तेव्हा, निळ्या रेघांनी पेशींचे गोल गोल वाफे पाडलेले असतात. व्रण किती, ते एफ० ते एफ४ अशा पायऱ्यांत मोजतात; एफ४ म्हणजे सिरॉसिस. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात उपचार न झालेल्या रुग्णांपैकी एफ० आणि एफ१ पायरीवरच्यांना वर्षाला ०.५ टक्के यकृताचा कॅन्सर झाला, एफ४ वर ७.९ टक्के. विषाणू गेला की धोका बराच उतरतो, पण वाफे काही लगेच सपाट होत नाहीत. म्हणूनच गाठ शोधायला ती सोनोग्राफी.

मग पेशी बघायच्या. लहान, दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रकं जवळजवळ आलेल्या पेशींचा पुंजका दिसला की आमचे सेन्सेई (गुरुजी) खुर्ची पुढे ओढतात. केआय-६७ हा स्टेन विभागणाऱ्या पेशींची केंद्रकं तपकिरी करतो. (नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलंय.) अशा टिंबांची गर्दी असलेल्या यकृतात पुढे गाठ होण्याचा धोका जास्त आढळलाय. ग्लिपिकन-३ या दुसऱ्या स्टेनचा उपयोग वेगळा: समोरची गाठ कॅन्सरचीच आहे का, हे ठरवायला.

पण सुई यकृताचा साधारण ५०,००० वा भाग उचलते. शेजारी काय चाललंय ते तिला ठाऊक नसतं. म्हणून अशा एकट्या मार्करच्या (खुणेच्या स्टेनच्या) जोरावर कुणाला 'तुम्ही सुटलात' म्हणायची माझी छाती होत नाही. नव्या रंगीत स्टेनांपेक्षा माझा भरवसा अजून त्या जुन्या निळ्या रेघांवरच आहे. हल्ली तर बायॉप्सीही कमीच होतात, बरंचसं काम फायब्रोस्कॅनवर, म्हणजे सुई न टोचता यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रावर, भागतं.

मामाला म्हटलं, जुना रिपोर्ट पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: एफ४.

"ते होय?" मामा म्हणाला. "मला वाटलं, पानाचा नंबर आहे."

पुढची सोनोग्राफी जूनमध्ये आहे. मामी घेऊन जाणार आहे.