कवडसे गोल का असतात?

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात, घंटा म्हणून टांगलेल्या लोखंडी रुळाच्या शेजारी, एक छोटा फळा असायचा. सोमवारी प्रार्थनेच्या आधी त्यावर एक प्रश्न लिहून झालेला असे आणि वर ठळक अक्षरांत ‘शनिवारचा प्रश्न’. फळ्याखाली स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणाला छिन्नीने पाडलेली खाच. त्या खाचेतून आठवडाभर चिठ्ठ्या टाकायच्या.

हा सगळा उद्योग आमच्या विज्ञानाच्या सरांचा. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना कधीच आवडले नाही आणि ज्यांना ते माहीत आहे त्यांनी एव्हाना ओळखलेच असेल.

डब्याचे नियम तीन होते. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही. उत्तर एका ओळीत, पण त्याखाली ‘कारण’ लिहिल्याशिवाय चिठ्ठी धरली जाणार नाही. आणि पुस्तकातले वाक्य उतरवायचे नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सर डबा टेबलावर पालथा करायचे, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे आणि फळ्यावर हिशेब मांडायचे: अमुक जण असे म्हणतात, तमुक जण तसे. मग प्रत्येक गठ्ठ्यातली दोन-तीन कारणे मोठ्याने वाचायचे. चुकीचे कारणही अशा आवाजात वाचायचे की ऐकणाऱ्याला ते पटलेच पाहिजे. “आता शेजाऱ्याशी भांडा,” म्हणायचे. पाच मिनिटे वर्गात बाजार भरायचा. मग पुन्हा हात वर. उत्तर ते त्यानंतरही सांगत नसत. टेबलाखालून काहीतरी काढायचे आणि करून दाखवायचे.

१९७९ च्या जूनमध्ये मी नववीत आलो तेव्हाचा पहिला प्रश्न बर्फाचा होता. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक उघडा ठेवला आणि एक घोंगडीत गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल? घोंगडी गरम असते, म्हणून घोंगडीतला, असे बहुतेकांनी लिहिले. मीही. गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ सरांनी तासभर ठेवला. उघडा तुकडा सुपारीएवढा उरला, घोंगडीतला होता तेवढाच वाटत होता. घोंगडी स्वतः गरम नसते, ती उष्णतेची ये-जा अडवते, हे मी त्या दिवशी पाहिले. वाचले मात्र आधीच होते. सातवीत ‘उष्णतेचे दुर्वाहक’ या धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते.

हे नीट सांगायला हवे, कारण माझे सगळे म्हणणे याच्याभोवती आहे. मला धडा येत होता. व्याख्या येत होती, उदाहरणे येत होती. आणि घरातल्या घोंगडीबद्दल साधा प्रश्न विचारल्यावर माझे उत्तर धडा न वाचलेल्या माणसाचे निघाले. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

चेंडूचा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीनंतर आला. चेंडू सरळ वर फेकला. तो सर्वांत वर पोचला त्या क्षणी त्याच्यावर किती बल असते? आम्ही तेव्हा गतीचे नियम शिकून मोकळे झालो होतो, न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ. जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, शून्य. कारणे वेगवेगळ्या शब्दांत एकच होती: हाताने दिलेला जोर वर जाताना संपत जातो, टोकाला पूर्ण संपतो, मग पृथ्वी ओढते. सरांनी ते कारण दोनदा वाचले आणि खिशातला खडू वर फेकून झेलला. “टोकाला वेग शून्य, हे कबूल. आता बलही शून्य म्हणता. मग तो खाली कशाला येईल? तिथेच लटकून राहायला काय हरकत आहे?”

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, “सर, पृथ्वी ओढतच असते. वर जातानापण.” सरांनी खडू पुन्हा फेकला. हात सोडल्यावर हाताचे काही त्याच्याबरोबर जात नाही. वर जाताना, टोकाला, खाली येताना त्याच्यावर एकच बल आहे, तेच वजन, तेवढेच. हवेचा विरोध सोडला तर दुसरे कोणी नाही. मी तो खडू किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही.

पुढे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाल्यावर कळले की ‘हाताने दिलेला जोर’ ही आमच्या वर्गाची चूक फार जुनी आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ नावाच्या विद्वानाने जवळपास हेच मांडले होते: फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि ती वस्तूला पुढे नेते. त्या काळात तो मोठाच विचार होता. तो मागे टाकायला गॅलिलिओ आणि न्यूटन यावे लागले. तेव्हा नववीतल्या पोराला हे सुचते ते त्याच्या बेफिकिरीमुळे नव्हे. हात, चेंडू आणि थकवा यांचा त्याचा रोजचा अनुभव त्याला तसेच सांगतो. सरांनी ब्युरिदाँचे नाव कधी घेतले नाही, पण चुकीचे कारण ते ज्या आदराने वाचायचे त्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

आता ग्रहणाकडे येतो.

१६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा कारवारच्या बाजूने शिरून कर्नाटक, आंध्र आणि ओरिसावरून जाणार होता. आपल्याकडे कोल्हापूर भागात खंडग्रास, पण सूर्याचा बराचसा भाग झाकला जाणार होता. आणि तो वार नेमका शनिवार. त्या सोमवारी फळ्यावर ग्रहणाचा शब्दही नव्हता. प्रश्न होता: ‘मैदानातल्या आंब्याखाली उन्हाचे कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात. मग कवडसे गोल का?’

मधल्या सुट्टीत आम्ही आंब्याखाली जाऊन पाहिले. खरेच गोल होते. इतकी वर्षे त्या सावलीत डबे खाल्ले, कधी लक्ष गेले नव्हते. मी चिठ्ठीत लिहिले, ‘प्रकाश लांब येताना पसरतो. त्यामुळे फटीचे कोपरे बोथट होतात आणि आकार गोल दिसतो.’ उत्तरावर माझा पक्का विश्वास होता.

शनिवारी सरांनी डबा उघडलाच नाही. “आज दुपारी जमिनीकडे बघा,” एवढेच म्हणाले. “सूर्याकडे कोणीही बघायचे नाही. काचेतून नाही, पाण्यात नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही. सूर्याकडे पाठ करायची आणि कवडसे बघायचे. सोमवारी डबा.”

मी दुपारी शाळेच्या मैदानावर जाणार होतो. आजीने दाराला आतून कडी घातली. “गिराण हाय. भाईर पाय टाकायचा न्हाई.” पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पाने ठेवलेली, चूल विझलेली, धाकटी काकू पोटुशी होती म्हणून तिला आतल्या खोलीत बसवलेले. आजीशी वाद घालण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. मी माजघरात भिंतीला टेकून बसून राहिलो.

आमचे घर कौलारू. पश्चिमेच्या पाख्यातली दोन कौले सरकलेली होती आणि तिसऱ्या प्रहरी तिथून ऊन आत येऊन समोरच्या मातीच्या भिंतीवर तीन-चार कवडसे पडायचे. ते रोजचेच. तीन वाजून गेल्यावर घरातला उजेड निवत चालला, संध्याकाळसारखा, पण तिचा पिवळेपणा नसलेला. आजी जपमाळ घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तिनेच आधी पाहिले.

“आरं, ह्यो कवडसा बघ. चंद्रकोर झाली.”

भिंतीवर चार चंद्रकोरी होत्या. चारही एकाच दिशेला वळलेल्या, टोकांना धारदार. वरची फट लांबट होती, दुसरी तीनकोनी, पण खाली चारही कोरी सारख्या. आजी उठून भिंतीजवळ गेली आणि एका कोरीखाली तळवा धरला. तिच्या सुरकुतलेल्या हातावर ती कोर नीट उमटली. साडेतीन-पावणेचारच्या सुमारास त्या अगदी बारीक झाल्या, नखाएवढ्या, मग दुसऱ्या बाजूने भरू लागल्या. आम्ही दोघे शेवटपर्यंत तिथे उभे होतो. कोणी बाहेर पाय टाकला नाही आणि ग्रहण आम्ही पूर्ण पाहिले.

माझे ‘बोथट कोपरे’ त्या भिंतीवरच मोडले. कोपरे बोथट होऊन कवडसा गोल होत असता, तर त्याला इतकी टोकदार शिंगे फुटलीच नसती. कवडसा फटीचा आकार घेतच नव्हता. तो सूर्याचा आकार घेत होता. सूर्य गोल असला की गोल, सूर्याची कोर झाली की कोर.

सोमवारी सरांनी पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून आणले. खिडकीतल्या उन्हात पुठ्ठा वहीच्या अगदी जवळ धरला तर वहीवर चौकोनी ठिपका पडतो. पुठ्ठा हळूहळू दूर नेला की कोपरे विरत जातात आणि ठिपका गोल होतो. म्हणजे माझ्या चिठ्ठीत पाहिलेले खरे होते, कारण चुकले होते. भोकाच्या प्रत्येक बिंदूतून सूर्याचे एकेक चित्र उमटते. भोक लहान आणि अंतर मोठे असले की ती सगळी चित्रे जवळजवळ एकावर एक बसतात आणि भोकाच्या आकाराला काही महत्त्व उरत नाही. चित्र उलटेही असते, म्हणून भिंतीवरच्या कोरी आकाशातल्या कोरीच्या विरुद्ध बाजूला वळलेल्या होत्या.

तेवढ्यावर सर थांबले नाहीत. पूर्वेच्या खिडकीला काळा कागद लावून त्याला दाभणाने भोक पाडले. भोकापासून चार मीटरवर, उन्हाच्या तिरपेला काटकोनात पुठ्ठा धरून पडलेला गोल आम्ही पट्टीने मोजला. पावणेचार सेंटिमीटर, थोडे इकडे-तिकडे. मग त्रैराशिक. ४०० सेंटिमीटरवर पावणेचार, तर १५ कोटी किलोमीटरवर किती? आमच्या गटाचे उत्तर १४ लाख किलोमीटरच्या जरा वर आले. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. पंधरा वर्षांच्या पोरांनी कंपासपेटीतल्या पट्टीने सूर्य मोजला होता. मी घरी जाऊन आजीला सांगितले. ती म्हणाली, “मग त्यो एवढा लांब हाय व्हय.” सगळ्यात मोठी गोष्ट सूर्याचे अंतर आहे, हे तिला लगेच उमगले होते.

मी कॉलेजात शिकवू लागलो, त्यानंतर काही वर्षांनी एक शोधनिबंध हाती आला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठातील डेव्हिड हेस्टनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात आकडेमोड नव्हती, सूत्रे नव्हती, नुसते साधे प्रश्न: ट्रक छोट्या मोटारीला धडकला तर कोण कोणावर जास्त बल लावतो? आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या मनातल्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले. वाचताना मला पत्र्याच्या डब्याचा आवाज ऐकू आला. हार्वर्डचे एरिक माझुर वर्गात प्रश्न टाकून आधी मत घ्यायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. ‘शेजाऱ्याशी भांडा’च ते. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांतले निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले सरासरी २३ टक्के नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत शिकले गेले. विद्यार्थ्यांना बोलते-करते केलेल्या वर्गांत ४८ टक्के.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत अकरावी सायन्सच्या पहिल्या दिवशी मी हजेरीच्या आधी चिठ्ठ्या वाटल्या. चेंडूचा प्रश्न, ट्रकचा प्रश्न, घोंगडीचा प्रश्न. नाव लिहायचे नाही, कारण लिहायचे. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर मार्क मिळवून आलेली मुले टोकाला बल शून्य लिहायची, दरवर्षी. त्या मुलांचा मला कधी राग आला नाही. त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. परीक्षेत विचारला गेला तो नियम, आणि नियम त्यांनी चोख लिहिला होता. विज्ञानाच्या परीक्षेत एक तरी प्रश्न असा हवा की ज्याचे उत्तर पाठ करून येत नाही आणि ज्याचे चुकीचे उत्तर वाचून शिक्षकाला पुढचा तास कसा घ्यायचा ते कळते. हे मी अभ्यास मंडळांच्या बैठकांत सांगत आलो आणि इथेही सांगतो.

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीने माजी विद्यार्थ्यांकडून काय हवे ते विचारले, तेव्हा मी व्हरांड्यासाठी एक फळा आणि झाकणाला खाच पाडलेला पत्र्याचा डबा दिला आहे. पहिला प्रश्न सरांच्या जुन्या वहीतला, गुऱ्हाळावरचा. गूळ करायची काहील पाण्याने भरली आहे. तिच्यात एक पातेले तरंगते आहे आणि पातेल्यात एक मोठा दगड. दगड उचलून काहिलीच्या पाण्यात सोडला, तो तळाशी गेला. काहिलीतले पाणी वर चढेल, खाली उतरेल की होते तिथेच राहील? ज्यांच्याकडे काहील नाही त्यांनी बादली घ्यावी आणि पाण्याच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी, पण चिठ्ठी आधी टाकावी. नाव नको. कारण हवे.