आठ बाय चारच्या प्लायवर बोरघाट

लहानपणी मामाकडे पुण्याला जाताना कर्जत आलं की बाबा म्हणायचे, आता बघ मागून धक्का बसेल, आणि बसायचाच, घाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची ना. ३७ त १ चा चढ आहे तिथे, ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि १८६३ पासून गाड्या तो चढतायत. मला माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर तोच घाट हवाय. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये आठ बाय चारची एक प्लाय मावते, त्याच्यापुढे सोफा सुरू होतो.

स्केल एचओ, म्हणजे १:८७. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या डबा कारखान्याचा, खरा डबा साधारण २१.३ मीटरचा, तो इथे साडेचोवीस सेंटीमीटर होतो. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीचपट ठेवावी असा अंदाज धरतात, म्हणजे २४ इंच. पण चार फुटांत २४ इंच घेतले तर रूळ थेट काठावर येतो, डबा घसरला की सरळ फरशीवर, म्हणून मी २२ वर आलो आणि सरळ रुळातून एकदम वळणात न शिरता मधे हळूहळू वळत जाणारा तुकडा ठेवला. हे मात्र कराच, याने डब्याचा झटका एकदम कमी होतो.

आता चढ. लाइन स्वतःच्याच वरून पुलाने न्यायची तर गाडी खालून जायला ३ इंच उंची लागते. २२ इंच त्रिज्येचं लूप एका फेरीला साडेएकोणीस फूट, त्यातल्या अर्ध्यात चढायचं, म्हणजे ११७ इंच. ११७ भागिले ३, ३९ त १. मी खुश, घाटापेक्षा सोपा! पण चढ एकदम सुरू करता येत नाही, सपाटावरून चढाला वळताना इंजिनाचं नाक रुळाला टेकतं आणि डबे जोडणारे कपलर सुटतात, म्हणून खाली एक फूट आणि वर एक फूट हळूहळू वाकवायला लागतो, आणि तेवढ्यात उंची निम्मीच मिळते. म्हणजे हिशोबात एक फूट गेला, उरले १०५ इंच, आणि चढ झाला ३५ त १. बोरघाटाहून तीव्र, आणि मागे बँकर नाही.

जे इंजिन सपाटावर आठ डबे आरामात ओढतं ते चढाच्या बरोबर मध्यावर, वळणात, चार डब्यांवरच जागच्या जागी चाकं फिरवायला लागलं. वळणावर चाकांच्या कडा, म्हणजे फ्लँज, रुळाला घासतात, ते ओझं चढाच्या ओझ्यात मिळतं. खऱ्या रेल्वेतही हे धरतात, ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक डिग्रीला (जितकं घट्ट वळण तितक्या जास्त डिग्री) चढ ०.०४ टक्क्याने कमी करतात. मी सगळ्यात तीव्र चढ सगळ्यात घट्ट वळणावर टाकला होता, आणि कागदावर तो कितीही सुंदर दिसला तरी तिथेच चुकलं.

म्हणून नवा प्लॅन असा: तीन इंच एकाच बाजूला न चढवता अर्ध्या फेरीत पुलाखालून जाणारी लाइन प्लायच्या पातळीपासून दीड इंच खाली न्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुलावरून जाणारी दीड इंच वर. दोन्हीकडे ७० त १. स्टेशनचा सपाट भाग लहान होईल, होऊ दे. त्यासाठी प्लाय रुळाच्या रेषेवर जिगसॉने कापून खाली ठोकळे द्यायचे. रेषा आधी वर्तमानपत्रं चिकटवून जमिनीवर पूर्ण मापात काढली, पट्टीच्या एका टोकाला खिळा, बावीस इंचावर पेन्सिल, आणि ट्रॅक प्रत्यक्ष मांडून चार डबे हाताने ढकलून बघितले. अजून एक, पावसाळ्यात इथली दमट हवा प्लायला फुगवते, चढ बदलतो, त्यामुळे ठोकळे मी आत्ताच स्क्रूने लावतोय, फेविकॉल नाही, आणि जुलैत पुन्हा लेव्हल लावून मोजणार.

रविवारी कापतोय. चार डब्यांची गाडी वर गेली की मग पाचवा जोडून बघतो.