मागच्या सीटवर कोण बसणार?

आमची जुनी सात सीटर विकून छोटी एसयूव्ही घेतली, तेव्हापासून लग्नात, बँकेच्या रांगेत, अगदी भाजी घेतानाही एकच प्रश्न येतो. "मॅडम, आमचीबी गाडी म्हातारी झालीय, कुठली घ्यावं वो?" पूर्वी हा प्रश्न आमच्या ह्यांना विचारायचे. ते हसून माझ्याकडे बोट दाखवतात, कारण घरात गाडी मी चालवते. लोकांना खरं तर फक्त नाव हवं असतं. ते आधीच सांगून टाकते: महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ, पेट्रोल. पण माझ्या दारात शोभली म्हणून तुमच्याही दारात शोभेल असं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुनी गाडी घेतली तेव्हा घर भरलेलं होतं. अक्कलकोटला निघायचं तर मांडीवर एखादं लेकरू घेऊनच सगळे मावायचे. आता मुलगी पुण्यात, धाकटे भाऊजी हैदराबादला. शेवटच्या रांगेत बसायला फक्त ज्वारीचं पोतं उरलं होतं. तरी दिवाळीला सगळे जमले की गाडी लागेल, या एका विचारावर आम्ही काही वर्षं काढली. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेलं सगळं वर्ष सोलापूरच्या नवी पेठेत पार्किंग शोधत फिरायचं, हे मला पटेना. त्या चार दिवसांना भाड्याची गाडी मिळते की.

त्यात गाडीला १५ वर्षं भरत आली. तेवढी झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. तेही भरले असते. पण त्या गाडीत एअरबॅग एकही नव्हती, आणि पुण्याचा हायवे आता इतका वेगात पळतो की ते डोक्यातून जाईना.

आता या छोट्या एसयूव्हींचं एक गणित समजून घ्या, म्हणजे जाहिराती कमी भुलवतील. नेक्सॉन, ब्रेझा, सोनेट, व्हेन्यू, कायलाक, सगळ्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर. आमची ३,९९०. हा योगायोग नाही. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून सगळे त्या रेघेला नाक लावून उभे आहेत. मात्र लांबी एकटी पुरत नाही. पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत असावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, नवे जीएसटी दर आले. या दोन्ही अटींत बसणाऱ्या गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर उतरला. त्याआधी सेस, म्हणजे वरचा जादा कर, धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडायचा. जी अटीत बसत नाही तिला सरळ ४० टक्के. ब्रेझा आखूड आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणजे १,२०० सीसीच्या वरचं, म्हणून ती ४० मध्ये गेली. गाडी म्हणून तिच्यात काही खोट नाही, सर्व्हिस तर गावोगावी आहे. पण कराचा हा फरक बघूनच तिची किंमत जोखा.

लांबी सगळ्यांची सारखी, मग फरक कुठे पडतो? त्या चार मीटरचं कोण काय करतं, तिथे. कायलाकने डिकी मोठी केली, ४४६ लिटरची. आमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर आहे. ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट २,५०० च्या आसपास. ते शंभर मिलिमीटर मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे येतात. रुंदीही १,८२१, म्हणजे मागे तिघं बसली तर मधल्याची अगदीच चटणी होत नाही.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना घेऊन जा. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. सेडानमध्ये त्यांना खाली वाकून बसावं लागतं, आणि उतरताना कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. जुन्या गाडीत उलट, पायरी चढावी लागायची. या उंचीच्या गाडीत सीट बरोबर कमरेला येते, माणूस नुसता टेकला आणि वळला की आत. शोरूममधला मुलगा मला टचस्क्रीनवर गाणी लावून दाखवत होता, मी सासूबाईंना चार वेळा चढ-उतार करायला लावत होते. एका शोरूममध्ये त्यांनी बसल्या बसल्या निकाल दिला, "दार लहानंय गं." ती गाडी तिथेच बाद झाली. कागदावर ती सगळ्यांत भारी होती.

दुसरं, आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला सहज जातो. दुपारी सात रस्त्याला सिग्नलला थांबलात की कळतं, एसी पुढच्यासाठी असतो की सगळ्यांसाठी. मागे एसीचे व्हेंट असलेलंच मॉडेल घ्या, खालच्या मॉडेलमध्ये काही कंपन्या ते देत नाहीत. आणि सनरूफ! सोलापुरात सनरूफसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पोरं हट्ट करतात. पण ती काच वर्षातले आठ महिने पडद्याआड राहणार, हे धरून चाला. गडद रंगही मी टाळला. पांढरी गाडी धुळीने मळते, पण तापते कमी.

सुरक्षिततेचं थोडक्यात. भारत एनकॅप, म्हणजे गाडी धडकवून बघायची चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, तिथले तारे बघाच. पाच ताऱ्यांच्या गाड्या आता या किमतीत मिळतात. आमच्या गाडीला सहा एअरबॅग सगळ्याच मॉडेल्समध्ये आहेत, हे मला आवडलं. पण ताऱ्यांत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे हेडलाइट. कारखाने सुरू झाले की पंढरपूर-मंगळवेढ्याकडे रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली. ऊस ट्रॉलीबाहेर हातभर लोंबत असतो. तो तुम्हाला किती आधी दिसतो, यावर सगळं आहे. त्यामुळे दुसरी टेस्ट ड्राइव्ह मी अंधार पडल्यावर मागितली. शोरूमवाल्यांना नवल वाटलं, पण दिली.

राहिलं पेट्रोल की डिझेल. आधीची डिझेल होती, म्हणून सगळ्यांना वाटतं मी वेडी झाले. माझं रोजचं फिरणं जुळे सोलापूर ते शाळा आणि परत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम पाळणाऱ्या, डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे अधूनमधून हायवेवर थोडा वेळ सलग पळवावी लागते. गावातल्या गावात फिरवलं की फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. शिवाय आपल्याकडे डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. उलट बाजूही सांगते: आमच्यासारखी टर्बो पेट्रोल गावात मायलेज देत नाही, कुठल्याही कंपनीची घ्या. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी सीएनजी बघावी, पण आधी डिकी उघडून टाकीनंतर किती जागा उरते ते बघा.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भीती काहीजण घालतात. २०२३ नंतरच्या नव्या गाड्या त्याला धरूनच बनल्यात. मायलेज थोडं कमी होतं, ते खरं. आपल्या जिल्ह्यात तेच इथेनॉल उसापासून बनतं, त्यामुळे भाऊजींना या विषयावर वाद घालायला फार आवडतं.

आणि हे सगळं ऐकून माझ्या मावसभावाने विचारलं, तेव्हा मी त्याला डिझेल घ्यायला लावली. तो मंगळवेढ्याचा. आठवड्यातून दोनदा पुण्याला माल बघायला जातो, घरी म्हातारं माणूस नाही, मागच्या सीटवर खोकी असतात.