आमची वाटचाल: लेदर कव्हरपासून क्लॉक स्प्रिंगपर्यंत

सुरुवात सुई-दोऱ्याने झाली. गाड्यांच्या सीट शिवायच्या आणि कुणी म्हटलं तर स्टिअरिंगवर लेदर चढवून द्यायचं, एवढाच पसारा होता. लेदर चढवता चढवता लोक विचारू लागले, “स्टिअरिंगचं चाकच बदलून द्याल का?” तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना एअरबॅग नव्हती, त्यामुळे काम सरळ असायचं. मूळ चाक काढायचं, स्टिअरिंगच्या शाफ्टच्या (दांड्याच्या) दात्यांना जुळणारं बॉस किट, म्हणजे शाफ्ट आणि नवं चाक यांना जोडणारा तुकडा, बसवायचं आणि त्यावर सहा बोल्टांनी नवं चाक आवळायचं. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या बहुतेक चाकांची भोकं 70 मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात, नार्डीची 74 मिमीच्या. चुकीचं किट घेऊन आलेला माणूस हमखास म्हणायचा, “भोकं जरा वाढवून द्या ना.” त्याला आम्ही तेव्हाही नाही म्हणत होतो.

त्या काळात शिकलेली एक गोष्ट अजून रोज उपयोगी पडते. 380 मिमीच्या जागी 350 मिमीचं चाक लावलं की कडेला साधारण 8-9 टक्के जास्त जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जाणवतही नाही, नसेल तर पार्किंग करताना खांदे बोलायला लागतात. शिवाय लहान चाकाची वरची कड नेमकी स्पीडोमीटरवर येते. बॉस किटमुळे चाक छातीकडे सरकतं आणि इंडिकेटरच्या दांडीपर्यंत बोट पोचत नाही ते वेगळंच. म्हणून आधी गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीत बसवून माप घ्यायचं आणि मग चाक निवडायचं, ही पद्धत पडली. दिसण्यावर भाळून आलेले पुष्कळ जण या मापानंतर मूळ आकाराचंच चाक घेऊन जातात.

एअरबॅगच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा धंद्याला फाटा फुटला. बाजारातला सोपा मार्ग असा होता: एअरबॅग काढा, साधं चाक लावा आणि वायरला एक रेझिस्टर जोडा. एअरबॅगच्या स्फोटकाचा रोध दोन-तीन ओहमच्या आसपास असतो. तेवढाच रेझिस्टर दिसला की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला सगळं जागेवर आहे असं वाटतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला राहतो. गाडी पुढे विकली तर घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आम्ही ठरवलं, कारखान्यातून एअरबॅग घेऊन आलेली गाडी आमच्याकडूनही एअरबॅग घेऊनच जाईल. बरंच गिऱ्हाईक तुटलं. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या, रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) आणि हार्नेस (रेसिंगचे पट्टे) असलेल्या गाड्यांचा अपवाद ठेवला. तिथे सुरक्षेचं गणितच निराळं असतं आणि त्या गाड्या रस्त्यावर चालवत आणायच्याच नसतात.

मग करायचं काय? आम्ही परत सुई-दोऱ्याकडे वळलो. मूळ चाकाचा धातूचा सांगाडा आणि हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) तसाच ठेवायचा, वरचा फोम घासून किंवा भरून पकड हवी तशी जाड करायची, खालची बाजू हवी तर सपाट करायची, आणि लेदर किंवा अल्कांतारा (मखमलीसारखं कृत्रिम कापड) शिवायचं. एअरबॅग, हॉर्न, बटणं सगळं मूळ जागी परत. आज आमचं बहुतांश काम हेच आहे.

वेळ शिलाईला लागतो, पण जीव मुठीत असतो तो चाक उतरवताना. गाडीची पुढची चाकं सरळ करायची, बॅटरी काढायची आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. एअरबॅग उतरली की ती तोंड वर करून ठेवायची. मधला नट सैल करायचा पण पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे ठेवले नाहीत तर ओढलेलं चाक थेट नाकावर येतं. शाफ्ट आणि हबवर खूण करायची. 36 दात्यांचा शाफ्ट असेल तर एक दाता चुकला म्हणजे चाक 10 अंश वाकडं. दोन-तीन अंशांचा वाकडेपणा मात्र दात्यावर सुटत नाही, तो अलाइनमेंटला टाय रॉडवरच (स्टिअरिंग पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर) काढावा लागतो.

आणि क्लॉक स्प्रिंग. प्लास्टिकच्या डबीत गुंडाळलेली ही चपटी पट्टी चाक फिरतानाही एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची जोडणी टिकवून धरते. दोन्हीकडे तिला मोजकेच फेरे असतात. चाक बाहेर असताना कुणी ती डबी सहज फिरवली आणि मध्य चुकला, तर गाडी व्यवस्थित बाहेर पडते आणि पुढे कधीतरी पूर्ण वळण घेताना पट्टी तुटते. हॉर्न गेला, बटणं गेली, एअरबॅगचा दिवा लागला. म्हणून आमच्याकडे चाक निघालं रे निघालं की डबीवर टेप लागते. परत बसवताना नवा नट, टॉर्क रेंच आणि शेवटी स्कॅनरवर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य, तोही इमानदारीने तपासायचा. त्याच आकड्यावर ईएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, भरवसा ठेवते.

एका गोष्टीवरून अजूनही वाद होतात. सगळं चाक नव्या लेदरचं झालं की मधलं पॅडही त्याच लेदरने मढवून हवं असतं. त्या पॅडला आतून पातळ केलेल्या रेषा असतात. एअरबॅग फुगताना पॅड तिथेच फाटायला हवं, तेही डोळ्याची पापणी लवण्याच्या आत. वर लेदर ताणून चिकटवलं तर ते पॅड कसं आणि कुठून फाटेल, कोण सांगणार? चिकटवलेले खडे आणि धातूचे बिल्ले तर सरळ चेहऱ्याकडे उडतात. मढवत नाही, म्हणजे नाही. रंग जुळेल असा दोरा निवडून देतो.

आता नवी डोकेदुखी म्हणजे चालकाचे हात चाकावर आहेत की नाहीत हे ओळखणारी, कडेच्या आत बसवलेली पट्टी. काही गाड्या हे शाफ्टवरच्या टॉर्कवरून ओळखतात, त्यांची अडचण नाही. पण पट्टीवाल्या चाकावर जाड फोम चढवला की गाडीला हात ‘दिसत’च नाहीत आणि ती सारखी कुरकुरते. अशा चाकांवर आम्ही सध्या फक्त मूळ जाडीचं लेदर चढवतो. पकड जाड करून हवी असेल, तर काम घेत नाही.