आठ टक्केवाल्यांनी काय करायचं?

अकरावीला राज्यशास्त्र शिकवते मी. राज्यघटना नुसती वाचून दाखवली की पोरं खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून यंदा वर्गाच्या हातात एक नवाकोरा देशच दिला. चार भाषांचे चार गट, ५२, ३०, १० आणि ८ टक्के, संसदेत १०० जागा, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. आता सगळ्यांना पटेल अशी निवडणूक पद्धत शोधा म्हटलं.

५२ टक्केवाल्यांनी लगेच निकाल लावला, ज्याचं बहुमत त्याचं राज्य. त्यावर ८ टक्क्यांच्या गटातली एक मुलगी, एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं बोलणारी, ताडकन उठली. दर पाच वर्षांनी मत द्यायचं आणि दर पाच वर्षांनी हरायचं, मग आम्ही या देशात राहायचं कशाला?

बरीच वादावादी होऊन तोडगा निघाला, गटागटाच्या वेगळ्या मतदार याद्या, आपापले उमेदवार आपणच निवडायचे. सगळे खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न, मॅडम, आई एका गटातली आणि वडील दुसऱ्या, तर नाव कुठल्या यादीत टाकायचं?

मग मी बोस्निया सांगितला. युद्ध थांबवायला १९९५ मध्ये डेटन करार झाला, त्यातूनच तिथली घटना आली आणि राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलं गेलं, एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम समाज), एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा (युरोपातला एक अल्पसंख्य समाज) म्हणून राहणाऱ्याने उभंच राहायचं नाही! सेजदिच आणि फिन्सी असे दोघं याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकलेही, तरी ती तरतूद पुढे वर्षानुवर्षं तशीच राहिली. भांडण मिटवायला घाईत केलेल्या वाटण्या नंतर सोडवणं महाकठीण, हे पोरांना लगेच कळलं.

बरं, मग यादी एकच ठेवू आणि ८ जागा राखीव करू, असं ठरायला लागलं तर तीच मुलगी परत उभी. 'म्हणजे आमच्यातलं कोण निवडून येणार ते हेच ५२ टक्केवाले ठरवणार ना? त्यांच्या होला हो म्हणणाराच येईल.'

माझ्या अंगावर काटा आला. बाबासाहेबांची भीती नेमकी हीच होती, आणि ही पोरगी स्वतःच्या डोक्याने तिथे पोचली होती. पुणे करार पोरांना तारखेपुरता माहीत, २४ सप्टेंबर १९३२. गांधीजींचं उपोषण, फक्त अस्पृश्यांनी मत देऊन आपला माणूस निवडायचे ते स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतांच्या कायदेमंडळांत ७१ च्या जागी १४८ राखीव जागा मिळाल्या, हे सांगितलं, पण त्यातलं एक कलम मुद्दाम फळ्यावर लिहिलं: राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक. स्वातंत्र्यानंतरच्या घटनेत राखीव जागा आल्या पण ही पहिली फेरी नाही आली, आणि मला अगदी मनापासून वाटतं की ती सोडून आपण काहीतरी गमावलं.

वर्गाने ती फेरी उचलली. फक्त नावं किती यावर अडलं, ५२ वाल्यांना चार हवी होती, तिला दोनच. मतदान घेऊ या म्हणाले ते, तर तिने साफ नकार दिला, म्हणाली, निकाल मी आत्ताच सांगते.