तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट तपासायचं का सोडलंत?

"एवढं एमबीबीएस केलंत, वर एमडी केलंत, मग पेशंट तपासायचं का सोडलंत ओ मॅडम?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेत पासबुक भरून घेताना विचारतात, नात्यातले लोक दर दिवाळीला विचारतात. त्याला सोलापुरी जोड असते ती अशी: "सात रस्त्याला एक दवाखाना टाकला असता तर आज..." पुढचं बोलत नाहीत, हातानं बंगल्याचे मजले दाखवतात.

सरकारी आरोग्य खात्यातली माझी नोकरी कुठं सुरू झाली, बदल्या कुठं झाल्या हे विचारणाऱ्यांना ठाऊकच असतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुका, मग जिल्हा, मग काही जिल्ह्यांवर मिळून असलेलं मंडळाचं कार्यालय. चढण सगळ्यांची हीच. खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून सरकार व्यवसायरोध भत्ता देतं. तो किती, याची चौकशी मात्र प्रॅक्टिसवालेच जास्त करतात.

पूर्वी माझ्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर असायचं: "दवाखान्यात एका वेळी एक पेशंट बरा होतो, इथं एका सहीनं अख्खा तालुका." टाळ्या पडायच्या. आता ते वाक्य आठवलं की तेव्हाच्या त्या बाईशी भांडावंसं वाटतं. सहीनं कुणी बरं होत नाही. आरोग्य खातं चालवणाऱ्या डॉक्टरचं औषध बहुतेक वेळा दुसऱ्याच खात्याच्या गोदामात असतं, आणि सही म्हणजे ते बाहेर काढा अशी विनंती. पाणी ग्रामपंचायतीचं, पाइपलाइन पाणीपुरवठ्याची, टँकर तहसीलचा, गटार पुन्हा ग्रामपंचायतीचं. आपल्या हातात सलाईन आणि पत्र.

आरोग्यातही एकच मालक आहे असं समजू नका. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके. गावाकडची आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, शहर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं, आणि ज्याला आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो ते सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. आता कुंभारीचा एखादा माणूस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला येतो, डेंगीनं तापतो आणि सिव्हिलला भरती होतो. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे तो कामाच्या जागी चावला असण्याचीही तितकीच शक्यता. घराभोवतीचा कंटेनर सर्व्हे, म्हणजे पाणी साठलेल्या भांड्यांत डासाच्या अळ्या शोधायचं काम, एकानं करायचं, कारखान्यातलं दुसऱ्यानं, रिपोर्ट तिसऱ्याकडून यायचा. त्यात केसपेपरवर शहरातल्या मेहुण्याचा पत्ता. तो पत्ता शोधत फिरणारा आरोग्य सेवक परत येऊन "तिथं असं कुणी राहत नाही" म्हणतो, आणि तोवर आठवडा गेलेला असतो. डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला तेवढेच दिवस लागतात.

टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचंही असंच. हिशेब साधा आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५, म्हणजे साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून ७० ग्रॅम टीसीएल. बादलीत आधी पेस्ट करायची, पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हिसळायची. पुढं तासभर कुणी पाणी उपसायचं नाही. वारीच्या वाटेवर १२ हजार लिटरच्या टँकरला ३० ग्रॅम पडते ती याच हिशेबानं. पण हा हिशेब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा. ग्रामपंचायत मार्चअखेर निधी खर्ची टाकायला पोती घेते, ती कार्यालयाच्या कोपऱ्यात तोंड उघडी पडतात, हवा आणि ओल लागून क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेली की पावडर बाद धरतात, पण नमुना तपासून आला तर ते कळणार. जूनमध्ये पाणी सोडणारा तेवढंच मोजून टाकतो, रजिस्टरला 'शुद्धीकरण केले' अशी नोंद होते, आणि नोंद खोटीही नसते. यात चोर कुणी नाही. म्हणूनच कुणाला पकडता येत नाही.

ज्यांना खरंच ऐकायचं असतं त्यांना मी एका गावाची साथ सांगते. गावाचं नाव सांगणार नाही, तालुकाही नाही. भीमाकाठ, ऊस, जून तोंडावर, एवढं पुरे.

उपकेंद्राच्या सिस्टरनं कळवलं की एकाच गल्लीतून उलट्या-जुलाबाचे पेशंट येताहेत. संध्याकाळपर्यंत आरोग्य केंद्राची फरशी भरली आणि जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून बाटल्या टांगल्या. उपचार अवघड नसतो. ५० किलोच्या माणसाच्या अंगातलं पाणी पार आटलं असेल तर ५ लिटर आरएल सलाईन, म्हणजे ५०० मिलीच्या दहा बाटल्या. तीन पहिल्या अर्ध्या तासात, सात पुढच्या अडीच तासांत. माणूस उठून बसला की ओआरएस. लहान मुलांना वर १४ दिवस झिंक. कमी पडतात त्या बाटल्या नव्हेत, जाड सुया. १८ नंबरच्या संपतात आणि २२ नंबरच्या बारीक उरतात. बारीक सुईतून अर्ध्या तासात दीड लिटर जात नाही. स्टोअरला मागणी लिहिताना फक्त 'आयव्ही सेट' लिहिणाऱ्याला हे कधी कळत नाही.

व्हरांड्यात हे चाललेलं असताना दुसरीकडं यादी सुरू होती: नाव, वय, गल्ली, जुलाब कधी लागले, पाणी कुठलं पिता. शाळेतल्याच ड्रॉइंग पेपरवर गावाचा नकाशा काढून घरागणिक ठिपके दिले. टाकीजवळच्या गल्ल्या जवळजवळ कोऱ्या. पाइपलाइनच्या शेवटच्या गल्लीत घरटी पेशंट, आणि तिच्यातच दोन घरं कोरी, कारण त्यांचा स्वतःचा बोअर. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघितलं. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होता. ही टेस्ट दहा सेकंदांच्या आत वाचायची असते. नंतर येणाऱ्या पिवळेपणात दुसऱ्या कशाशी जोडला जाऊन कमजोर झालेला क्लोरीनही धरला जातो. शेवटच्या गल्लीतल्या नळाला तेच थेंब टाकले. रंगच नाही. म्हणजे टाकी ते ती गल्ली यांच्यामध्ये क्लोरीन खाऊन टाकणारं काहीतरी पाण्यात शिरत होतं. मधल्या व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्यानं भरलेला होता. पाणी एक दिवसाआड. बंद झालं की पाइप रिकामा. शेवटाला धार येत नाही म्हणून लोकांनी नळालाच मोटारी जोडलेल्या. मोटार पाइपातलं ओढते आणि गळक्या जोडातून खड्ड्यातलंही ओढते.

नमुन्यांबाबत एक गोष्ट नव्या डॉक्टरांना सांगून ठेवते. साथ आली की पहिल्या तासात कुणीतरी धावत जाऊन सगळीकडं टीसीएल ओततो, मग पाण्याचा नमुना घेतला जातो, आणि प्रयोगशाळा 'पिण्यास योग्य' म्हणून कळवते. तो कागद पुढं वर्षभर तुमच्याविरुद्ध वापरतात. नमुना आधी घ्या. निर्जंतुक बाटलीत, क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असलेल्या, बर्फात, २४ तासांच्या आत पोचेल असा. पेशंटच्या शौचाचा नमुना अँटिबायोटिक द्यायच्या आधी, जंतू टिकवून ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात, आणि तो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

नमुने वेळेत गेले. इंजिनिअर म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय नळपाणी बंद करता येणार नाही. सरपंच म्हणाले, "मॅडम, ह्या उन्हात पाणी बंद केलं तर बाया घागरी घेऊन माझ्या दारात बसत्यात. तुम्ही सोलापूरला जाताय, मला इथंच राहायचंय." दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. पण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, आणि हा कॉलरा असेल तर तो पोटात गेल्यापासून काही तासांत ते ५ दिवसांत केव्हाही उठतो. रिपोर्टची वाट बघणं म्हणजे त्या गल्लीला आणखी एकदा पाणी पाजणं. म्हणून रिपोर्टशिवायच पत्र दिलं: नळाचं पाणी पिण्यास अयोग्य, पुरवठा तात्काळ थांबवावा, टँकर सुरू करावा. सोबत ठिपक्यांच्या नकाशाची प्रत. प्रत माहितीसाठी तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी.

टँकर मंजूर झाला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मधल्या रात्री नळाला पाणी सोडलं गेलं. टाकी भरलेली होती, तिच्यात दुप्पट टीसीएल टाकलेली होती, आणि एवढा क्लोरीन पुरेल असं कुणाला तरी मनापासून वाटलं. वरच्या गल्ल्यांत पाण्याला वास येत होता म्हणे. खालच्या गल्लीत आला नाही.

पुढच्या दोन दिवसांत त्याच गल्लीतून नवे पेशंट आले. त्यातली एक म्हातारी उशिरा आली. शाळेत सगळ्यांसमोर खाटेवर पडायचं नको म्हणून तिनं जुलाब घरातच लपवले होते. शिरा बसलेल्या. हात, पाय, मान, कुठंच सुई वेळेत लागली नाही.

मग कागद सुरू झाले. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत लगेचचं कारण लिहायचं असतं आणि खाली ते कशामुळं ओढवलं ते. पहिल्या ओळीत 'हृदयक्रिया बंद' लिहून खालची ओळ कोरी सोडा, असं सुचवलं गेलं. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. वैद्यकीय अधिकाऱ्यानं 'तीव्र निर्जलीकरण', खाली 'जुलाबाची साथ' लिहिलं आणि ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आरोग्य खातं झोपेत होतं. बैठकीत मागणी आली, वैद्यकीय अधिकाऱ्याला निलंबित करा. म्हणजे पहिल्या तासाला कळवणाऱ्या, यादी करणाऱ्या, फॉर्म खरा भरणाऱ्या माणसाला.

त्याच संध्याकाळी माझ्या सहीनं त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. हे ऐकून लोक माझ्याकडं बघतात ते मला माहीत आहे. पण खातं कसं चालतं ते समजून घ्या. नोटीस निघाली की 'कार्यवाही सुरू आहे' असं वर लिहिता येतं, निलंबनाची घाई थांबते. शिवाय नोटिशीला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरासोबत यादी, नकाशा, नमुन्यांच्या वेळा, माझं पत्र, सगळं रेकॉर्डवर येतं. त्याचं उत्तर समाधानकारक म्हणून स्वीकारलं गेलं, प्रकरण दप्तरी दाखल झालं, तो निलंबित झाला नाही. पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा नोटीस काढीन.

तरी तो माझ्याशी बरेच महिने कामापुरतंच बोलला, आणि त्याच्या सेवेच्या फायलीत तो कागद आजही आहे. रात्री पाणी सोडायला सांगणाऱ्याला नोटीस काढण्याचा अधिकार माझा नव्हता. त्यासाठी मी दुसऱ्या खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' टाळ्या घेणारी ती जुनी मी असती तर म्हणाली असती, राजीनामा टेबलावर ठेवायचा होता. ठेवला असता तर व्हॉल्व्ह हलला असता का? माझं उत्तर नाही असं आहे. तिला ते पटत नाही.

व्हॉल्व्ह गटाराबाहेर घेतला, जोड बदलले, लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन काढली, शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाल्यावर पुरवठा सुरू झाला. कॉलऱ्याचा सुप्तकाळ जास्तीत जास्त ५ दिवस, त्याच्या दुप्पट, १० दिवस नवा पेशंट नाही, तेव्हा साथ संपल्याचं कळवलं. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल कार्ड मिळालं, म्हणजे पाण्याची जोखीम मोठी. लाल कार्ड मिळालं म्हणून कुणाचा पगार थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, त्या म्हातारीला सराईत हात असता तर शीर सापडली असती, आणि तुम्ही दवाखाना टाकला असता तर तो हात तुमच्याकडं असता. हे कुणी तोंडावर बोललेलं नाही, पण प्रश्नात ते असतं. असेलही. हात सुटतो हे खरंच आहे. दुसरीकडं, व्हरांड्यात सराईत हात होते आणि तरी ती गेली. तिला वाचवायची वेळ पाणी सोडलं त्या रात्रीची होती, टाकीच्या चावीपाशी.

आणि शहरातल्यांनी गावाला हसू नये. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, कळश्या भरलेल्या. आम्ही मात्र वर्षानुवर्षं पत्रकावर छापतो, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा.' पूर्व भागातली विड्या वळणारी बाई भरलेला बॅरल ओतणार आहे का? ती शहाणी आहे, पत्रक शहाणं नाही. तिला सांगायला हवं ते वेगळं: बॅरलला जुन्या लुगड्याचं कापड घट्ट बांधा, आणि पाणी संपल्यावर पुन्हा भरण्याआधी आतली बाजू काथ्यानं घासून काढा. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीवर चिकटून राहतात आणि कोरडी झाली तरी काही महिने जगतात. नुसतं ओतून ती जात नाहीत. हे पत्रक बदलून घ्यायला किती टेबलं लागतात, ते सांगत बसत नाही.

आता मला हा प्रश्न विचारणाऱ्यांत तरुण डॉक्टरही असतात. सेवेतून पदव्युत्तर शिक्षणाची संधी आलेली असते, मेडिसिन घेऊ की कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे एका पेशंटऐवजी अख्ख्या वस्तीच्या आरोग्याचा विषय? घरचे म्हणतात मेडिसिन. मी हो-नाही काही सांगत नाही. आधी एक उन्हाळा तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा चार्ज घ्या म्हणते, आणि मेअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या टीसीएलच्या पोत्यावरची तारीख स्वतः वाचून या. परवा एकीनं विचारलं, "आणि पोती जुनी निघाली तर बदलून कोण देणार?" मी म्हटलं, पत्र द्यावं लागेल.